मन्मथचे किडे

अण्णा, तुझे किडे मेले.

हे तुला सांगणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तुझी बहीण सांगते. तुला माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही दूध आणि बेल घेऊन रानातल्या कोपऱ्यावर आलो, तेव्हा ते तुझ्या भोवताली उताणे पडले होते. काही पार गेलेले, काहींचे पाय अजून हलत होते. गावात आता असं सांगतात, की मन्मथ सर गेले आणि त्यांच्या किड्यांनीही त्यांच्यामागे जीव सोडला. शेजारच्या गावांतून माणसं बघायला येऊन गेली. जळकोटच्या कुणीतरी फोटो काढून मोबाईलवर फिरवला, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून. तू हे ऐकलं असतंस तर आतून उठून बसला असतास आणि पुरावा मागितला असतास. उठून बसायची तुला गरज नाही म्हणा, आपल्यात बसवूनच माती देतात.

तू कोण होतास, किती शिकलास, नांदेडच्या कॉलेजात काय शिकवायचास, ते सगळं शोकसभेत सांगून झालं. एका गृहस्थांनी तुला निसर्गप्रेमी म्हटलं. मला तिथेच उठून सांगावंसं वाटलं, की याला निसर्गाचं प्रेमबिम काही नव्हतं, याला एका किड्याचं वेड होतं. बाकी निसर्ग तू त्या किड्याच्या कामापुरताच बघायचास. आख्खा पिंपळ डोक्यावर असायचा आणि तू खालचा पाला किती कुजलाय ते उकरत बसायचास. मायने तुझ्यासाठी पाहिलेल्या मुलींपैकी एकीला तू पहिल्या भेटीत विचारलं होतंस, की तिला किड्यांच्या वासाने मळमळतं का. तिला मळमळलं नसेल, पण पुन्हा तिकडून निरोप आला नाही. त्यानंतर मायने मुली बघणं सोडलं आणि तूही हुश्श केलंस.

आपल्या शेताचा ओढ्याकडचा कोपरा नांगराखाली कधी आलाच नाही. आजोबा, आजी, मोठे काका, मग बाबा, सगळे तिथेच आहेत. जिथे आपली माणसं निजली तिथे कुळव घालायची हिंमत आपल्या घरात कुणाला झाली नाही. गवत वाढतं, दगड पडलेत, कडेला एक पळस आहे. लहानपणी मला त्या जागेची भीती वाटायची. तुला मात्र तिथेच एका दगडाखाली तो पहिल्यांदा सापडला. काळा, चपळ, बोटाच्या पेराएवढा, आणि पाठीवर तांब्याच्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी. त्याचं नाव कॅलोसोमा हे तुला पुढे कॉलेजात कळलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सुंदर देह असा होतो म्हणे. तू तो माझ्या नाकाशी धरलास आणि त्या सुंदर देहाने असा भपकारा सोडला, की मी दिवसभर हात-तोंड धूत होते. मायने त्यांना नावबिव ठेवलं नाही. ती त्यांना मन्मथचे किडे म्हणायची.

तुझं सांगणं असं, की या किड्याला न हललेली जमीन लागते. तो मातीत खोल खोली करून महिनोन्‌महिने निजतो, पावसाळ्यात वर येतो आणि सोयाबीनवरच्या अळ्या फस्त करतो. त्याची पिल्लंसुद्धा अळ्याच खातात. आजूबाजूची सगळी रानं दर वर्षी उलटीपालटी होतात, त्यांच्यावर फवारे होतात, आणि त्याला राहायला उरला तो आपल्या मेलेल्यांचा कोपरा. ‘आपल्या बापजाद्यांचा मेल्यावरसुद्धा शेतीला हातभार आहे,’ असं तू म्हणायचास आणि एकटाच हसायचास. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आज तर मुळीच दिसत नाही.

शनिवारी तू नांदेडहून एसटीने कंधारला उतरायचास, माझ्याकडे जेवायचास आणि जळकोटची गाडी लागेपर्यंत आमच्या दुकानात बसायचास. आमचं कृषी सेवा केंद्र, म्हणजे बियाणं, खत आणि औषधं. औषधं हा शब्द तुला खपायचा नाही. ‘विष म्हण,’ असं तू भर दुकानात सांगायचास. दारूच्या दुकानात कीर्तनकार येऊन बसावा तसा तू काउंटरपाशी स्टूल ओढून बसायचास आणि आमचे हे गोदामात निघून जायचे.

एकदा एक जण चाळण झालेली पानं घेऊन आला होता.

“बाई, उंटअळी लई लागली. काहीतरी जालीम द्या.”

मी वळायच्या आत तू बोललास, “जरा दम धरा. थोडे दिवस थांबा. खाणारे येतेल.”

“कोण येतेल?”

“किडे.”

त्या बिचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. “बाई, हे कोन हायत?”

“माझे भाऊ हायत,” मी म्हटलं. “त्यांची गाडी लागली.”

गाडी लागली नव्हती. तो बाटली घेऊन गेला आणि आपण भांडायला बसलो. मी म्हटलं, तुझं पोट पिकावर नाही अण्णा, ज्याच्या रानाच्या जाळ्या झाल्यात त्याला थांब म्हणायला तुझी जीभ कशी उचलते? तू म्हणालास, आज अळीबरोबर अळी खाणाराही मेला, मग पुढच्या वर्षी काय करशील? मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुढचं औषध. मी ते चेष्टेत म्हटलं होतं. तू हसला नाहीस. गाडी येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसलास आणि जाताना ‘येतो’ एवढंच म्हणालास. पुढच्या शनिवारी पुन्हा आलास, जेवलास, पुन्हा तेच भांडण. ते आपलं संपलं नाही. मी जिंकले असं मला कधी वाटलं नाही आणि आपण हरलो असं तू कधी मानलं नाहीस.

मला पटवायचे तुझे प्रयत्नही अजब असायचे. एका पंचमीला मी माहेरी आले होते, तर तू मला नव्या साडीवर कोपऱ्यात नेलंस आणि बाबांच्या उशाशी पालथं पडायला लावलंस. म्हणालास, हलू नको. गवतात एक जाड अळी चालली होती. तुझा किडा कुठून आला ते मला दिसलंच नाही. त्याने तिला मध्येच धरलं. ती वळवळली, उलटी फिरून त्याच्या अंगावर आपटली, तोंडातून हिरवं पाणी टाकलं. त्याने सोडलं नाही. तो तिला चावत होता आणि ती शेवटपर्यंत जिवंत होती.

“हा तुझा शेतकऱ्याचा मित्र?” मी म्हटलं. “हा तर खाटीक आहे!”

तू कोपरांवर तसाच पडून म्हणालास, “मित्र आहे म्हणून गोडच असला पाहिजे का?”

तू माझ्याबद्दलही बोलत होतास का, ते मी विचारायला हवं होतं. साडीला माती लागली म्हणून मी चिडले होते, आणि ते राहूनच गेलं.

आता बाबांचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. बाबांना माती दिली तेव्हा मायने मुंग्यांच्या पावडरीचा डबा आणला होता. आपल्या गावात सगळेच टाकतात. माती दिलेल्या माणसाला मुंग्या लागू नयेत, एवढंच त्यामागे असतं. तू आडवा आलास. म्हणालास, या कोपऱ्यात विष पडणार नाही. सगळ्यांसमोर तू मायला समजावून सांगितलंस, की इतक्या खोलवर मुंग्यांचं काय होतं, काय नाही, आणि मातीत गेलेल्या देहाचं पुढे काय व्हायचं असतं. तू वर्गात शिकवायचास तसं नीट, सविस्तर सांगितलंस. माय ऐकत होती. डोक्यावरचा पदर तिने तोंडापर्यंत ओढून घेतला आणि डबा परत घरी नेला. तू चुलीतली राख आणून बाबांच्या भोवती रिंगण घातलंस आणि अंधार पडेपर्यंत तिथे बसून राहिलास. ते मायने पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

तेव्हापासून घरात साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या, की माय काही न बोलता तुझ्याकडे बघायची. तू डबा उचलून उन्हात ठेवायचास. तुम्हा दोघांत त्यावर एक अक्षर कधी निघालं नाही. इतकी वर्षं गेली. तू तिला दर वेळी नांदेडहून खाऱ्या बिस्किटांचा पुडा आणलास, तिने तुला दर वेळी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि मुंग्या तुमच्या दोघांच्या मध्ये तशाच राहिल्या.

या उन्हाळ्यात तू दुकानाच्या पायरीवर बसून एकदम म्हणालास, “शोभे, माझ्या वेळी तेवढं बघ. पावडर टाकू देऊ नको.”

“आधी माझी पाळी लागेल,” मी म्हटलं. “तुझे किडे माझ्यावर सोड म्हणजे झालं.”

तू हसलास आणि चहा प्यायलास. मी हो म्हटलं नव्हतं, अण्णा. मला ते बोलणं नकोसं वाटलं म्हणून मी उडवून लावलं. तू मात्र मी हो म्हटल्यासारखा निवांत होतास.

तुला नांदेडहून आणलं तेव्हा दुपार टळली होती. बाबांच्या शेजारी खड्डा तयार होता. स्वामींनी तुला विभूती लावली, सगळं रीतीप्रमाणे झालं. तुझा चेहरा शांत होता, पण चष्मा नव्हता म्हणून मला तो तुझा वाटेना. मी नजर वळवून खणलेल्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं, तर ढिगावरून एक कॅलोसोमा लगबगीने चालला होता. कुदळीने त्याचं घर उघडं पडलं असेल. आणि अण्णा, तुला दाखवावा म्हणून मी तुझ्याकडे वळले. ‘अण्णा, बघ’ हे शब्द तोंडापर्यंत आले होते.

तेव्हाच मायने पदराखालून डबा काढला. घरात कोनाड्यात असतो तोच, भोकं पाडलेल्या झाकणाचा.

“माय, नको,” मी म्हटलं.

“सरक.”

“माय, अण्णाला चालायचं न्हाई. त्याचे किडे हायत इथं.”

“मग इचार त्येला,” माय म्हणाली. तिने तुझ्याकडे हात केला. “इचार, चालतंय का न्हाई म्हणून.”

आपले बसूकाका माझ्यामागे उभे होते. बाबांचे धाकटे भाऊ, त्यांना कुठे काय बोलावं याचं भान कधीच नव्हतं. ते म्हणाले, “शोभे, तू तर हे पेटीनं इकती. आजच कामून पुळका आला?” मातीची वेळ नसती तर लोक हसले असते. बरोबरच होतं त्यांचं.

मायने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्याशीच बोलत होती. “तुझ्या बापाच्या टायमाला ह्येनं मला टाकू दिली न्हाई. म्या गप बसले. लेकरू म्हणतंय म्हणून ऐकलं. अन् मग डोळा लागंना मला. त्येंच्या कानात, डोळ्यात, समदीकडं दिसायच्या. कोणाला सांगू? आता ह्येलाबी तसंच सोडू? माझ्या लेकराला मुंग्या लागतेल अन् म्या घरी जाऊन भाकर खाऊ?”

मी बाजूला झाले. उत्तर सुचलं नाही असं नाही. तुझी सगळी उत्तरं मला पाठ होती, किती खोल, किती माती, देहाचं काय होतं, सगळं. पण जिचा मुलगा समोर खड्ड्यात बसवलाय तिला ते सांगायची माझी छाती झाली नाही. तुझी झाली असती, बाबांच्या वेळी झालीच होती. पण तेव्हा तू जिवंत होतास आणि तिच्यासमोर उभा होतास. जिवंत मुलाचं ऐकून तिने मेलेल्या नवऱ्यावरची माया गिळली. या वेळी गिळायला तिच्यासमोर कुणी उभं नव्हतं.

तिने आधी आत टाकली, तुझ्या चारी बाजूंनी. मग माती लोटली. मग पावडर ढिगावर टाकली, ढिगाच्या कडेने टाकली, दारात सडा-रांगोळी घालते तशी वाकून, मागे सरकत सरकत. मग ती बाबांकडे गेली. “घ्या,” असं बाबांना म्हणाली, “तुमालाबी,” आणि तिथेही टाकली. आजोबांपर्यंत गेली. पळसाच्या बुंध्यापर्यंत गेली. शेवटी डबा उलटा करून तिने त्याच्या बुडावर थापा मारल्या. इतक्या वर्षांनी तिचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला, आणि तुझी शपथ अण्णा, त्या क्षणी मला तुझ्या किड्यांची पर्वा नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही दूध-बेल घेऊन आलो. रात्री भुरभुर होऊन गेली होती, पावडरीचा चिकटा झाला होता. ते तुझ्या भोवती पडले होते, बाबांच्या भोवती पडले होते, गवतात तर जास्तच. मला दुरूनच कळलं. दुकानात इतकी वर्षं काढलेल्या बाईला ते थरथरणारे पाय ओळखू येतात. एक सरळ व्हायची धडपड करत होता. मी त्याला काडीने सरळ केला, तो दोन पावलं चालला आणि पुन्हा उलटला. ते इतके असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. तू सांगायचास, आहेत, पुष्कळ आहेत, खाली आहेत. मी म्हणायचे, मग दिसत का नाहीत? दिसले, अण्णा. त्या दिवशी सगळे दिसले.

माय दुधाचा तांब्या धरून उभी होती. मग ती म्हणाली, “बघ गं. त्येच्याबिगर न्हाई राहिले. त्येच्यासंगं गेले.”

बसूकाकांनी लगेच हात जोडले. मागच्या बायकांपैकी एक रडायला लागली. आणि ते तिथून गावात गेलं, गावातून जळकोटला, पुढे कुठे कुठे.

मी गप्प बसले. तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. खोटं कारण तुझ्या कानाला टोचायचं. तू नागपंचमीला वारुळापाशी दुधाच्या वाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांना साप दूध का पीत नाही ते समजावलेला माणूस. ऐकणारीला काय वाटेल याचा विचार तुला नंतर सुचायचा, तोही घरी आल्यावर मी ओरडले की. तू म्हणायचास, खऱ्याला वेळ-काळ नसतो. मी म्हणायचे, खऱ्याला नसेल, माणसाला असतो. माझ्या जागी तू असतास तर ढिगावर उभा राहून सांगितलं असतंस, की किडे दुःखाने मरत नाहीत, विषाने मरतात, आणि विष माझ्या मायने टाकलं. मी ते सांगितलं नाही. मुलगा गेलेल्या बाईला एवढंसं सुख मिळत होतं आणि ते काढून घेणारी मी कोण?

पण त्या दिवसांत मी तुझ्याशी सारखी भांडत होते. स्वयंपाक करताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, मनात तुझंच चालू. तू म्हणायचास, गप्प राहिलीस तर ती पुन्हा टाकेल. दर अमावस्येला टाकेल, वर्षश्राद्धाला टाकेल. खोल निजलेले जे थोडे उरले असतील, तेही वर आले की जातील. मी म्हणायचे, जाऊ देत, माझी माय आधी. तू म्हणायचास, माझीही मायच आहे ती.

महिना व्हायला आला तेव्हा मायचा फोन आला. “शोभे, म्हयन्याला येताना पावडरीचा डबा आण. मोठा आण.”

दुकानात फळीवर डबे रांगेने होते. मी त्यातला एक पिशवीत घातला, काढला, पुन्हा घातला, आणि शेवटी फळीवर ठेवून एसटीत बसले. वाटेत ठरवलं, की आता सांगायचंच. कसं सांगायचं याची मी जांबचा थांबा येईपर्यंत तयारी केली आणि जांबच्या पुढे ती सगळी विसरले.

माय कोपऱ्यातच होती, तुझ्यावर उगवलेलं गवत उपटत बसलेली.

“डबा?” तिने विचारलं.

“न्हाई आणला.”

“कामून? इसरली?”

“न्हाई इसरले.” मी तिच्यासमोर बसले. “माय, ते किडे अण्णाच्या मागं गेले न्हाईत. पावडरीनं मेले. तू टाकली त्या पावडरीनं.”

तिचा हात थांबला नाही. तिने एक मुळी ओढून काढली, झटकली, बाजूला ठेवली.

“मला काय म्हाईत न्हाई व्हय?” ती म्हणाली. “मुंग्यांची पावडर हाय ती. किड्याला काय साखर लागनार हाय का?”

मी उपटलेलं गवत एका बाजूला सारलं.

“मग त्या दिवशी तसं कामून म्हणाली?”

“काय म्हणू मग? समदे उभे होते. तू माझ्याकडं बगून राहिली होती. लेकराला पुरून तीन दिस न्हाई झाले अन् त्येचे किडे म्या मारले, असं म्हणू?” तिने पदराने हात पुसले. “त्येनं लहान असल्यापून जपले ते. मला का कळत न्हाई? पन परत तीच यळ आली तर परत टाकीन म्या. सांग त्येला. तुझ्याशी बोलतंय न्हवं ते, सांग.”

तिला कसं कळलं, की तू माझ्याशी बोलतोस? मी विचारलं नाही. मी म्हटलं, “मग आता डबा कायला मागितला?”

“घरात साखरेला मुंग्या लागल्यात म्हणून,” माय म्हणाली. “हितं टाकून आता काय करू? म्हयना झाला. त्येला जे लागायचं ते लागून झालं असंल.”

हे ती गवत उपटत म्हणाली, अण्णा. पाऊस कसा आहे सांगावं तसं. मी तोंड फिरवून ओढ्याकडे बघत बसले. तू तिला बाबांच्या वेळी जे समजावलं होतंस ते सगळं तिला तेव्हाच समजलं होतं. समजलं म्हणून दुखायचं थांबत नाही, एवढंच तुला समजलेलं नव्हतं. पण राखेचं रिंगण तिने पाहिलं होतं. तेही त्या दिवशी तिनेच सांगितलं, मी न विचारता. म्हणाली, “त्येनं राख घातली, बसून राहिला. म्या बांधावरून बघितलं. रागबी आला अन् जीवबी तुटला.”

तुम्ही दोघांनी हे एकमेकांना सांगायला पाहिजे होतं. इतके शनिवार होते.

कोपऱ्यालगतचं सोयाबीन या साली पार गेलं. तू असताना त्या पट्ट्यात अळी टिकायची नाही, हे मीही बघितलेलं होतं, तुझ्यासमोर कबूल करायची नाही एवढंच. आता तिथल्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्यात. खाली खोलवर कुणी निजलेलं वाचलंय की नाही, ते पुढच्या पावसाळ्याशिवाय कळणार नाही, आणि कळलं तरी मला तुझ्यासारखं शोधता येत नाही. मी रोज दगड उचलून बघते म्हटलं तर ते खोटं होईल. माझं दुकान चालू आहे. काल-परवाच दोघांना मी अळीचं औषध दिलं. देताना तुझी आठवण झाली, पण दिलं.

बसूकाका पंप घेऊन आले होते. मायने त्यांना बांधावरूनच परत पाठवलं. हितं फवारा न्हाई, एवढंच म्हणाली. काका मला फोनवर म्हणाले, “तुझी माय येडी झाली. स्वता टाकती अन् दुसऱ्याला टाकू देत न्हाई.”

म्हणून मी काल पुन्हा गेले. माय सोयाबीनमध्ये होती. उन्हात, उकिडवी, शेजारी पाण्याचं डबडं. एकेक पान उलटं करायची, डोळ्यांजवळ न्यायची, कारण तिला आता नीट दिसत नाही, आणि अळी सापडली की चिमटीत धरून पाण्यात टाकायची. बोटं हिरवी झाली होती. मी म्हटलं, “माय, कायला बेजार होती? एका माणसाच्यानं होत असतंय का हे?”

“खाणारे म्या मारले,” ती म्हणाली, मान वर न करता. “मग आता कोण खाईल?”

मी पदर खोचला आणि तिच्या शेजारची पात धरली.